हाताला दुसरा चाळा

एलॉर्मची गाडी उलटली त्या सकाळी त्याची बहीण सेनाम एका म्हाताऱ्या सरदाराच्या गालावरचे वांग पुसत होती. म्हणजे संगणकावर. केटा गावच्या बाजारात आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, चर्चची पत्रकं, शाळांचे बिल्ले, सगळं करतो, पण चूल पेटते ती निधनाच्या पोस्टरांवर. माणूस गेलं की घरचे आधी फोटो घेऊन आमच्याकडे येतात. सेनाम तो फोटो साफ करायची, मागे ढग टाकायची, वर मोठ्या अक्षरांत 'केवढा हा धक्का' असं लिहायची आणि खाली मुलानातवंडांची नावं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर लॅमिनेशन करते. ती मला दावी म्हणते, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

एका हातात माऊस आणि दुसऱ्यात फोन अशी तिची बसण्याची रीत. त्या दिवशी तिने फोन माझ्यासमोर धरला. "दावी, बघ. परत एक."

गावाच्या बातम्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. पांढरी ट्रोट्रो, आमच्याकडची भाड्याची प्रवासी गाडी, चाकं वर. शेजारी रस्त्यावर चपला आणि कसली तरी गाठोडी. खाली लिहिलेलं, सोगाकोपेच्या पुलाच्या अलीकडे, आत्ताच.

"देवा रे," मी म्हटलं.

तिने खाली रडका चेहरा टाकला आणि बोट वर सरकवलं. पुढे एक बकरी होती. चर्चमध्ये शिरून ढोलाच्या तालावर नाचत होती, आणि पाद्री तिला हाकलायचं सोडून टाळ्या वाजवत होता. आम्ही दोघी हसलो. मग ती परत सरदाराच्या गालाकडे वळली.

दुपारी फोन आला. एलॉर्म त्या गाडीत होता. अशायमान शहरात फरशा बसवायची कामं करायचा, सुट्टीला आईकडे येत होता.

आमचे मालक एफो कोर्सी मनाने मऊ आहेत. ते म्हणाले, "सेनाम, त्याचं पोस्टर आपण बाहेरून करून घेऊ. तू नको बसूस त्याला."

"बाहेरून म्हणजे कुठून? त्या डेन्यूवाल्याकडून? तो चेहऱ्याला पावडर फासल्यासारखं करतो. मी करते."

आणि तिने केलं. एलॉर्मचा धड असा एकच फोटो होता, चुलतभावाच्या लग्नातला. त्यात त्याच्या खांद्यावर एक हात होता. हात सेनामचाच. फोटोत ती त्याच्या शेजारी उभी होती. तिने आधी स्वतःला कापलं, मग तो हात बोटाबोटाने पुसला आणि तिथे शर्टाच्या रेघा भरल्या. मी मागे उभी राहून बघत होते. इतकं सफाईचं काम मी तिच्या हातून आधी पाहिलं नव्हतं. संपल्यावर तिने डोकं मागे टेकलं आणि फोन उचलला.

दफनाच्या दिवशी बायका शोकाच्या लालकाळ्या कापडात, ढोल चालू, सगळे रडताहेत. आई दोघींच्या आधाराने उभी. सेनाम खुर्चीवर बसलेली, मांडीवर फोन, बोट चालू. तिची मावशी माझ्या कानाला लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "डोळ्यांत थेंब नाही, पण बोट काही थांबत नाही. सख्खा भाऊ ना गं तिचा?"

मी सेनामच्या शेजारी जाऊन बसले. ती बघत होती ते कसलंसं स्वयंपाकाचं होतं. कुठल्या तरी थंड देशातली एक बाई पावावर लोणी पसरत होती. ते संपलं की दुसरी बाई, दुसरा पाव.

मी तिला खूपदा विचारलं, काय बघतेस एवढं? ती म्हणायची, "काही नाही." ते खरंच होतं. पाच मिनिटांपूर्वी काय पाहिलं ते तिला सांगता यायचं नाही. बरं वाटतं का, असंही विचारलं. म्हणाली, "बरं नाही, वाईट नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर कसं, आपण गाल चावला तरी कळत नाही."

घरी ती नि आई, दोघीच. आई बोलायची, ती "हं" म्हणायची. चुलीवरचं अक्पले, मक्याच्या पिठाचं घट्ट मुटकं, करपायचं, मासा कोळसा व्हायचा. आईने काही दिवस आरडाओरडा केला, मग सोडून दिलं आणि कोंबड्यांशी बोलायला लागली. मी एकदा गेले तेव्हा कोंबडीला सांगत होती, "तू तरी मान वर करतेस बाई."

मग मामा अब्लाचं प्रकरण झालं. मामा आम्ही वयस्क बाईला म्हणतो.

दोन बहिणी होत्या, दोघी मासे भाजून विकणाऱ्या. थोरली गेली. भाच्याने फोटो आणला, कुठल्या तरी समारंभातला, दोघी एकाच कापडाचे कपडे घालून उभ्या. "डावीकडची," त्याने सांगितलं होतं. सेनामने डावीकडचीच कापून टाकली, उजवीकडची ठेवली. नमुना भाच्याच्या फोनवर पाठवला, त्यानेही न बघता अंगठा दाखवला. पोस्टरं छापली, रातोरात गावभर लागली.

सकाळी दुकान उघडलं आणि पोस्टरवरची बाई आत आली. मामा अब्ला, साठी उलटलेली, दंड हे एवढे.

"कोण आहे इथला देव?" तिने विचारलं.

एफो कोर्सींनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीवर वाळत टाकलेल्या पोस्टराकडे पाहिलं, आणि खुर्चीचा आधार घेतला.

"नाही, म्हटलं भेटून घ्यावं. मला परस्पर वर पाठवलंय. तारीखही घातलीय! ये गं पोरी, तूच ना करतेस हे? धर माझा हात. गार लागतोय?"

सेनामने हात धरला. "नाही, मामा."

"सकाळपासून लोक दारात रडून जाताहेत. एक बाई मला बघून कापड सावरत पळाली, तिची टोपली अजून माझ्या अंगणात पडलीय. शेजारीण माझी मोठी कढई मागायला आली, म्हणे आता तिला काय करायचीय! आणि माझी बहीण, खरी मेलेली, तिचं तोंडसुद्धा कुठे नाही. तिला काय वाटत असेल?"

एफो कोर्सींनी जिनची बाटली मागवली, जमिनीवर धार सोडली, पूर्वजांची माफी मागितली, मामाची मागितली, पोस्टरं नव्याने करून देण्याचा शब्द दिला. सेनामही माफ करा म्हणाली, पण कुणी किती वाजले विचारल्यावर सांगावं तशी. मामा अब्ला तिच्याकडे बघत राहिली. तिचा राग उतरला नाही, पण आवाज उतरला. "हिला झालंय काय?" तिने मला विचारलं. मी सांगितलं.

"बरं," मामा म्हणाली. "पण माझी पोस्टरं हीच काढणार. माझ्या देखत."

तशी आम्ही तिघी गावभर फिरलो. सेनाम पाण्याची बादली नि पत्र्याचा तुकडा घेऊन पुढे, मामा अब्ला बसायचं स्टूल घेऊन मागे. प्रत्येक भिंतीपाशी स्टूल टाकायची, बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायची, "मी नाही! ती थोरली! मी आहे अजून!" ट्रोट्रोच्या अड्ड्यावरच्या भिंतीवर तिचं पोस्टर ओढलं तेव्हा खालचंही सुटून आलं. खळ ओली होती. खाली एलॉर्म होता, उन्हाने निळा पडलेला.

"हा कोण?"

"भाऊ," सेनाम म्हणाली. तिने दोन्ही कागद एकत्र गुंडाळले आणि पोत्यात टाकले.  त्यानंतरच्या भिंतीपाशी मामा अब्लाने आरोळी दिली नाही.

दुकानात परतल्यावर एफो कोर्सींनी हात पुढे केला. "फोन दे."

"एफो, मी आता नीट..."

"दे म्हटलं ना. ओरडत नाहीये मी. दुकान सुटलं की मिळेल." त्यांनी तो कागदाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग कटिंग मशीनखाली उरलेल्या पट्ट्यांचं एक पॅड आणलं, एका कडेला डिंक लावून आम्ही बांधतो तसलं, लांबट, चिंचोळ्या आकाराचं. "मी सिगारेट सोडली तेव्हा दोन वर्षं तोंडात दातवणाची काडी धरून हिंडलो. तोंडाला वाटायचं, काहीतरी आहे. हातालाही दुसरा चाळा लागतो. हात फोनकडे गेला की यात लिही."

"काय लिहू?"

"मला काय माहीत? जे दिसेल ते. मी काही तपासणार नाहीये."

पहिले काही दिवस ती दर थोड्या वेळाने पॅड ओढायची, काहीतरी खरडायची आणि परत ढकलायची. मी विचारलं तर वाचूनच दाखवायची, लपवण्यासारखं काही नव्हतंच. "हात गेला. फोन नाही. पंखा." पुढची ओळ: "हात गेला. पंखा." त्याच्या खाली: "दावीने नाक शिंकरलं."

"एवढंच दिसलं होय गं तुला माझं?"

"एवढंच केलंस तू."

ती सरळ मार्गाला लागली असं नाही. एकदा शौचाला म्हणून गेली ती येईचना. जाऊन बघते तर शेजारच्या न्हाव्याचा फोन मागून घेऊन भिंतीआड बसलेली. घरी गेल्यावर तर फोन तिचाच होता. पण पॅडही ती घरी न्यायला लागली, का कुणास ठाऊक. आईला अक्षरओळख नाही. आई विचारायची, "काय लिहितेस?"

"काही नाही."

"रोज लिहितेस, तरी संपत नाही. केवढं आहे तुझं हे काही नाही?"

हे मला सेनामनेच सांगितलं, आणि सांगताना तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसली म्हणता येणार नाही.

ओळी लांब होत गेल्या, एवढं मी पाहिलं. आईच्या कोंबडीच्या पायाला दोरी अडकली ते. मिठागराच्या बाजूने वारा आला की दुकानातले कागद उलटतात ते. भात विकणारी आपल्याच हातावर फुंकर घालते ते. एक दिवस जेवायच्या सुट्टीत मिरची लावलेला मासा खाता खाता ती म्हणाली, "दावी, त्या दिवशी मी त्या फोटोखाली रडका चेहरा टाकला होता."

"माहीत आहे."

"मग बकरी."

"हो."

"चपला होत्या रस्त्यावर. त्यातली एक त्याची असेल. मी पाहिलीसुद्धा नाही नीट. आज लिहिलं मी ते. लिहायला वेळ लागतो गं. सरकवायला नाही लागत." तिने काटा बाजूला काढला. "लिहून काही वाटलं नाही. तुला वाटत असेल, वाटलं असेल. नाही."

मी म्हटलं, मला काही वाटत नाहीये, तू जेव.

अशायमानहून एलॉर्मच्या घरमालकिणीचे निरोप येत होते, खोली रिकामी करा म्हणून. सेनाम पुढे ढकलत आली होती. शेवटी आई म्हणाली, मीच जाते. आईला त्या रस्त्याने पाठवणं बरं नव्हतं. तेव्हा सेनाम निघाली आणि मी सोबत गेले.

ट्रोट्रो भरली तशी सुटली. सेनाम खिडकीपाशी, ड्रायव्हरच्या मागच्या रांगेत. फोन तिने माझ्या पिशवीत टाकला. "मागितला तरी देऊ नकोस." पॅड मांडीवर. बाकी गाडी नेहमीसारखी, सगळ्यांच्या माना खाली. माझीही. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो येत होते, ते मी बघत होते. सेनाम लिहीत होती, बाहेर बघत होती, लिहीत होती. कांद्याचे वाफे, खाडी, पोलीसचौकी, टोपलीत भोपळे. मी मधूनच वाकून पाहिलं तर शेवटची ओळ होती, "ड्रायव्हर खाली बघतोय." त्याच्या खाली, "अजून खाली बघतोय."

मी वर पाहिलं. त्याच्या मांडीवर फोन होता. कुणा बाईचे आवाजी निरोप ऐकत होता, हसत होता, तोंडाजवळ धरून उत्तर देत होता, परत मांडीकडे. वेगाचा काटा किती वर होता ते मला दिसलं नाही. झाडं मात्र भराभर मागे जात होती. समोरून लाकडाचा ट्रक आला. आमची गाडी रेघ ओलांडून गेली आणि झटक्यात परत आली. ट्रकचा भोंगा कितीतरी वेळ मागे वाजत राहिला.

"फोन ठेव!"

हा आवाज कुणाचा, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. सेनाम अर्धी उभी होती. डोकं टपाला लागत होतं.

"ठेव तो फोन! डोळे समोर!"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "ओ मॅडम. बसा. पोलीस आहात का?"

"पोलीस नाही. मी निधनाची पोस्टरं बनवते. तुझा कुठला फोटो लावू ते आत्ताच सांगून ठेव. हसरा देऊ का? मागे ढग चालतील?"

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि बायकोचं नाव सांग. फोनवरच्या बाईचं नको सांगूस." कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडली. माझ्या पोटात पोर आहे. माझी परीक्षा आहे. उतरव आम्हाला. गाडी बाजूला घे. आत्तापर्यंत खाली असलेल्या सगळ्या माना वर आल्या होत्या.

"बरं, बरं, बरं!" ड्रायव्हर म्हणाला. त्याने फोन दाराशी बसलेल्या कंडक्टरकडे फेकला. "घे बाबा. खूश? आता सावकाश चालवतो, तुम्ही सगळे उशिरा पोचा."

"उशिराच पोचव," सेनाम म्हणाली आणि बसली.

 तिने पॅड उघडलं, पेन टेकवलं, पण अक्षर निघेना, नुसती वेडीवाकडी रेघ. मी तिच्या हातावर हात ठेवला. गरम होता, तापलेल्या भांड्यासारखा. ती दातओठ आवळून समोर बघत होती, ड्रायव्हरच्या मानेकडे. "मला त्याला मारावंसं वाटतंय दावी," ती हळूच म्हणाली. "खरंच. माझ्या भावालाही असंच कुणीतरी..."  मला बाहेर सोगाकोपेचा पूल दिसत होता. म्हणजे ती जागा मागे गेली होती. तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

अशायमानला खोली शोधायला त्रास पडला नाही. घरमालकीण टोपलीभर टोमॅटो निवडत बसली होती. आम्हाला पाहून तिने हात पुसले, सेनामचा चेहरा निरखला आणि म्हणाली, "नाक तेच आहे." मग किल्ली आणली.

खोलीत गादी, दोन खिळ्यांवर कपडे, पंखा, फरशी कापायचं यंत्र. आणि जमीन. अर्ध्या जमिनीवर त्याने फरशा बसवल्या होत्या, कामावरून उरलेल्या, एकही दुसरीसारखी नाही. निळी, पांढरी, लाकडासारखी दिसणारी, फुलांची. पण सांधे इतके सरळ की दोरी धरावी. उरलेली अर्धी नुसती सिमेंटची.

"रविवारी बसायचा लावत," मालकीण म्हणाली. "मोठमोठ्याने गायचा. भसाडा आवाज. शेजारी तक्रार करायचे. मी त्याला म्हणायची, बाबा, फरशी लाव पण गाऊ नकोस. तर म्हणायचा, दोन्ही एकत्रच येतं."

"घरीही तसाच होता," सेनाम म्हणाली. "आई त्याला अंगणात काढायची."

ती फरश्यांवरून चालत गेली, सिमेंटवर आली, आणि गादीवर बसली. म्हणाली, जरा बसते, मग बांधाबांध करू. मी कपडे उतरवायला लागले. वळून बघते तर ती आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून, चपला पायात तशाच. झोपली होती. तोंड उघडं, बारीक घोरत होती. तिची आई मला सांगायची, पोरगी पहाटेपर्यंत फोनच्या उजेडाकडे बघत बसते. डोळ्याला डोळा लागत नाही.

मालकीण दारातून डोकावली. "उठवायचं का? शेवटची गाडी चुकेल तुमची."

"चुकू दे," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि बाहेर चुलीवरच्या भांड्यात आमच्यासाठी आणखी मूठभर पीठ वैरलं. मी सेनामच्या पायातल्या चपला काढून ठेवल्या आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले.